डोन्या ओतिलियांचा सज्जा

एव्हेलियो कादाविदने नकाशावर रेघ ओढली तेव्हा ती सरळ होती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढे अख्ख्या मोंतेक्लारोत जो तो म्हणायला लागला, की इंजिनियरचा हातच वाकडा. तसं काही नव्हतं. मंडईपासून हॉस्पिटलपर्यंत छान रेघ होती ती. वाकडा होता तो कार्मेन रस्ता, आणि तो शहर वसलं तेव्हापासून वाकडा होता.

राजधानीत, बोगोटात, स्वतःच्या वेगळ्या मार्गावरून लांबलचक लाल बस धावायला लागल्या होत्या. शेजारच्या घरात नवा सोफा आला की आपल्या घरातली खुर्ची जशी अचानक कुरकुरायला लागते, तसं देशातल्या प्रत्येक महापौराचं झालं होतं. मोंतेक्लारोच्या महापौरांनीही 'आपल्याकडे का नाही?' असा प्रश्न डॉक्टर लोंदोन्यो यांना विचारला. हे लोंदोन्यो नियोजन खात्याचे प्रमुख. कुणाची नाडी त्यांनी आयुष्यात कधी धरली नव्हती. पण टाय बांधणाऱ्या माणसाला आमच्याकडे डॉक्टरच म्हणतात. डॉक्टरांनी तो प्रश्न जसाच्या तसा एव्हेलियोच्या टेबलावर आणून ठेवला आणि ते जेवायला गेले.

एव्हेलियोने मन लावून काम केलं. कुठे थांबे, कुठे वळण, कुठे झाडं वाचवायची, सगळं. अडचण आली ती एकाच कोपऱ्यावर. कार्मेन चर्चच्या समोर रस्ता काटकोनात वळतो, आणि त्या वळणावर डोन्या ओतिलियांच्या घराचा लाकडी सज्जा बाहेर आलेला आहे. त्याला खालून कोरीव लाकडी टेकू आहेत. एव्हेलियोने सज्ज्याची उंची मोजली, बस कंपनीने कळवलेली बसची उंची त्यातून वजा केली आणि चार बोटं जागा उरते असं काढलं. इंजिनियरच्या लेखी चार बोटं म्हणजे मैदान.

"लागणार," डोन्या ओतिलिया म्हणाल्या. त्या नियोजन खात्यात स्वतः आल्या होत्या, हातात छत्री घेऊन.

"नाही लागणार, सेन्योरा. मी मोजलंय."

"लागणार. माझ्या नवऱ्याने बांधलाय तो. मी चांगली ओळखते त्याला."

हे सज्ज्याबद्दल होतं की नवऱ्याबद्दल, हे एव्हेलियोला कळेना. तो म्हणाला, "तुम्हाला प्रत्यक्ष दाखवतो, मग तर झालं?"

बस, एवढंच वाक्य. एका म्हाताऱ्या बाईंची समजूत घालायची, इतकंच त्याच्या मनात होतं.

पहिल्यांदा त्याने खडू घेऊन रस्त्यावर बसची आकृती काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात कोणीतरी रकाने पाडून ठिकरी खेळायला सुरुवात केली होती. बाई सज्ज्यातून म्हणाल्या, "ही तर आडवी पडलेली बस आहे. उभी दाखवा." मग त्याने ऑफिसातले कारकून गोळा केले. त्यांना बसच्या मापाचा दोरखंड हातात धरून चौकोनात उभं केलं, उंची कळावी म्हणून मधल्या दोघांच्या हातात उभे झाडू दिले, आणि ती मिरवणूक कार्मेन रस्त्यावरून चालवली. वळण सुरेख जमलं. कारकुनांना वाकायची सवय असते. सज्ज्याखालून जाताना झाडूवाल्या दोघांनीही नकळत गुडघे वाकवले आणि समोरच्या बेकरीतून टाळ्या पडल्या.

"बस वाकते का अशी?" डोन्या ओतिलियांनी वरून विचारलं.

तोवर सगळ्या रस्त्याला या प्रकरणात गोडी वाटू लागली होती. बेकरीवाला म्हणाला, सज्ज्याला बिजागरी लावा, बस आली की वर उचलायचा. औषधांच्या दुकानदाराचं मत पडलं की बसच जमिनीखालून न्यावी, राजधानीत तेवढी अक्कल कुणाला नाही. पाद्री आन्सेल्मो यांनी एव्हेलियोला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "थोडी कळ काढा, इंजिनियरसाहेब. बाईंचं आता वय झालंय." आणि हे बोलणं त्याच संध्याकाळी बाईंच्या कानावर कसं गेलं ते देव जाणे. पुढचे काही रविवार बाई दुसऱ्या चर्चमध्ये प्रार्थनेला गेल्या.

पण एव्हेलियोला खरा घोर होता तो घरचा. त्याचे सासरे दॉन आर्हेमिरो यांची स्वतःची एक छोटी बस होती, आणि ती याच कार्मेन रस्त्यावरून मंडई ते हॉस्पिटल अशी धावायची. हिरव्या रंगाची, मागच्या काचेवर नाव 'ला कोन्सेन्तीदा', म्हणजे लाडावलेली. लांब बस आल्या की असल्या छोट्या बस बंद होणार, हे पेपरात छापून आलं होतं, आणि पेपरात एव्हेलियोचा फोटोही होता, हसरा. तेव्हापासून सासरेबुवांनी जावयाशी बोलणं टाकलं. दर रविवारी जेवायला मात्र बोलवायचे. टाकायचं झालं तरी माणूस समोर हवा ना.

"नूबिया," ते लेकीला म्हणायचे, "तुझ्या नवऱ्याला विचार, सांकोचोचा रस्सा आणखी वाढू का."

"बाबा, तो तुमच्या समोर बसलाय."

"असेल. मला आजकाल लांबच्याच गोष्टी दिसतात. लांब बस वगैरे."

एव्हेलियो मान खाली घालून रश्श्यातला मक्याचा तुकडा चमच्याने इकडून तिकडे करायचा. सासूबाई मध्येच हवेबद्दल बोलायच्या. घरी परतताना नूबिया म्हणायची, "एकदा तरी बोल ना त्यांच्याशी." तो म्हणायचा, "काय बोलू? तुमची बस मीच बंद करतोय, पण रस्सा छान झाला होता?"

झाडूंचा प्रयोग फसल्यावर त्याच्या स्वाभिमानाला ठेच लागली होती. त्याने डॉक्टर लोंदोन्योंना सुचवलं, की राजधानीतून एक खरी बस एका सकाळपुरती मागवावी, सज्ज्याखालून एकदा नेऊन आणावी, म्हणजे वाद मिटेल. चारच माणसांसमोर, गाजावाजा न करता.

डॉक्टरांचे डोळे चमकले. "खरी बस? महापौरांना बोलावू. अग्निशामक दलाचा बँड आहेच. हॉस्पिटलपाशी मांडव घालू."

"डॉक्टर, ही नुसती चाचणी आहे."

"चाचणीच. फक्त फीत कापून."

मग परवानग्या. वाहतूक पोलीस म्हणाले, रविवार आहे, आधी चर्चची संमती आणा. चर्चने सांगितलं, विजेच्या तारांचं काय ते आधी वीज कार्यालयाकडून येऊ द्या. वीज कार्यालयाने पोलिसांकडे बोट दाखवलं. एव्हेलियो आठवडाभर या तिघांत गोल फिरला आणि दर वेळी त्याला काळी कॉफी पाजून पुढे पाठवण्यात आलं. शेवटी नूबियाच्या सांगण्यावरून त्याने तिघांना एकाच वेळी बेकरीत बोलावलं, एकाच टेबलाशी बसवलं, गरम बुन्युएलो, म्हणजे चीजचे तळलेले गोळे, मागवले आणि ज्याचं तोंड भरलेलं असेल त्याच्याकडून सही घेतली.

एप्रिलमधल्या त्या रविवारी बस आली. तिचं लाल तोंड मंडईच्या कोपऱ्यावर दिसलं तेव्हा शेपूट अजून पुलावर होतं. मध्ये ॲकॉर्डियनसारखा काळा भाता. चालकाचं नाव येसिद. इस्त्रीचा गणवेश, शांत चेहरा. राजधानीत त्याने बरंच पाहिलं असावं. बसमध्ये बँडची मंडळी, सगळे नगरसेवक, त्यांच्या बायका, बायकांच्या बहिणी अशी गच्च गर्दी होती. महापौर पलीकडे हॉस्पिटलपाशी मांडवात बसले होते. डोन्या ओतिलिया सज्ज्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या, चर्चला जायचे चांगले कपडे घालून, प्रसन्न. आणि चर्चच्या भिंतीला टेकून, हाताची घडी घालून दॉन आर्हेमिरो उभे होते. त्यांच्या मागे ला कोन्सेन्तीदा.

एव्हेलियो हातात झेंडा घेऊन बसच्या पुढे उलटा चालत होता. बसचं तोंड वळलं. पुढचा अर्धा भाग सज्ज्याखालून अलगद निघून गेला. भाता वळला. मागचा भाग आत शिरला. आणि तेव्हा एव्हेलियोने वर पाहिलं. बसच्या मागच्या भागाच्या छतावर हवेसाठी दोन झडपा होत्या, थोड्या उंचवट्यासारख्या. पहिली झडप टेकूखालून गेली तेव्हा मध्ये उजेड दिसला नाही. निदान त्याला दिसला नाही.

"थांबा!" तो ओरडला.

येसिदने बस थांबवली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय झालं?"

"लागतंय!"

"लागत नव्हतं. दोन बोटं होती. चार म्हणाला होतात, पण दोन होती."

"एकदा बघून घेऊ."

तर बघायला सगळेच उतरले. पहिल्यांदा नगरसेवक, मग बायका, मग बहिणी, मग झांजा, तुताऱ्या आणि शेवटी मोठा ढोल, जो वाजवणारा माणूस ढोलापेक्षा थोडा मोठा होता. तो पायरीवरून खाली आला आणि त्याच क्षणी वरून कर्र असा आवाज झाला. डोन्या ओतिलियांची खुर्ची जराशी हलली.

"लागला," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात इतकं समाधान होतं की एव्हेलियोला वर बघवेना.

बस सज्ज्याला खालून चिकटली होती. टेकू बरोबर दोन झडपांच्या मधोमध येऊन बसला होता. येसिदने पुढे घ्यायचा प्रयत्न केला तर मागची झडप अडली, मागे घेतली तर पुढची. त्याने इंजिन बंद केलं आणि पेपर उघडला.

डॉक्टर लोंदोन्योंचा मोबाईल वाजला. "येतेय, येतेय, महापौरसाहेब. लोक फार आहेत ना वाटेत, फुलं टाकतायत." फोन ठेवून ते एव्हेलियोच्या कानाशी आले. "दफनभूमी खात्यात एक जागा रिकामी आहे, कादाविद. ही बस तासाभरात मांडवापाशी दिसली नाही तर ती भरली असं समजा."

आता सगळ्या कार्मेन रस्त्याला कंठ फुटला. कोणी म्हणालं, चाकांतली हवा सोडा. येसिदने पेपरातून मान वर न करता विचारलं, "आणि भरणार कशाने? सायकलच्या पंपाने?" बेकरीवाला करवत घेऊन आला. डोन्या ओतिलियांनी नेमक्या टेकूवर येईल अशी खुर्ची सरकवली आणि म्हणाल्या, "काप. खाली मीही येईन, बसही येईल." करवत परत गेली. औषधवाल्याने साबण आणला, मग सगळी मंडळी शिडी लावून छताला साबण फासू लागली. त्यातून निष्पन्न एवढंच झालं की शिडी घसरली आणि एक नगरसेवक फेस घेऊन खाली आला. पाद्री आन्सेल्मोंनी पवित्र पाणी शिंपडलं. त्याचा साबणाशी संबंध येऊन फेस वाढला.

एव्हेलियो फूटपाथवर बसून होता. कोणाकोणाला काय काय वाटत असेल याचा तो मनात हिशेब करत होता, आणि त्यात सगळ्यात वरचं नाव भिंतीला टेकलेल्या माणसाचं होतं. शेवटी तो माणूस भिंतीपासून सुटा झाला.

"नूबिया," दॉन आर्हेमिरो लेकीला म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला सांग, बाजूला हो म्हणावं. हे काम बसवाल्याचं आहे."

त्यांनी ला कोन्सेन्तीदा उलटी लावली, जाड दोर काढला, एक टोक लाल बसला आणि एक आपल्या बसच्या मागच्या बंपरला बांधलं. गर्दी मागे सरली. म्हातारबुवांनी गियर टाकला, ला कोन्सेन्तीदाने सगळं बळ एकवटलं, काळा धूर सोडला आणि ती निघाली. थोडी पुढे गेली, आणखी पुढे गेली, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की बंपर मागेच राहिलाय.

कोणी हसलं नाही. म्हणजे पहिल्यांदा नाही. दॉन आर्हेमिरो खाली उतरले, बंपरपाशी आले आणि त्याच्याकडे बघत राहिले. अनेक वर्षांचा हिरवा रंग त्यावर थरावर थर चढलेला होता. एव्हेलियो उठून त्यांच्याजवळ गेला. त्याने वाकून बंपरचं एक टोक धरलं.

"बघत काय राहिलास?" सासरे म्हणाले. "नीट धर. कोपरा लागेल हाताला."

दोघांनी मिळून तो बंपर उचलला आणि नेऊन ला कोन्सेन्तीदाच्या मागच्या सीटवर ठेवला. नूबिया चर्चच्या पायऱ्यांवरून पाहत होती. तिने पाहिलं की बाबा थेट बोलले.

मग पाऊस आला. डोंगरावरून येतो तसा, न विचारता, एकदम धो धो. कार्मेन रस्त्यावर आडोसा म्हणजे चर्च, आणि पाद्रीबुवांनी तर फेस आत येऊ नये म्हणून दरवाजा लावून घेतला होता. पण लाल बसचे सगळे दरवाजे उघडे होते. पहिल्यांदा बँडवाले शिरले, तुताऱ्यांत पाणी जाऊ नये म्हणून. मग नगरसेवक. मग बेकरीवाला, औषधवाला, शिडी धरणारे, साबण लावणारे, नुसते बघणारे. या मार्गाला विरोध म्हणून महिनाभर खिडक्यांना काळे कपडे लावणारी मंडळीही शिरली. पावसात विरोध कोण करतो? ढोल आला. ढोलवाला आला. 'मी नाही चढणार असल्या बसमध्ये,' असं म्हणत दॉन आर्हेमिरो कपाळावरून पाणी निथळत उभे होते. त्यांना एव्हेलियोने हाताला धरून आत घेतलं, आणि ते आले.

वरून पुन्हा कर्र झालं, पण या वेळी सुटल्यासारखं.

येसिदने पेपर घडी करून ठेवला. आरशात मागे पाहिलं, वर पाहिलं, आणि काही न बोलता बस सुरू केली. बस सज्ज्याखालून अशी निघाली की जणू कधी अडकलीच नव्हती. एव्हेलियोचा जीव भांड्यात पडला. त्याने दांडी धरून डोळे मिटले आणि आपण अजून नियोजन खात्यात आहोत, दफनभूमीत नाही, एवढ्याच विचारात, टेकू मागे पडला तरी, त्याने नकळत गुडघे वाकवले. कारकुनांसारखेच, पण त्याला आता त्याचं काही वाटलं नाही.

मागे सज्ज्यात डोन्या ओतिलिया एकट्याच छत्री उघडून उभ्या होत्या. अख्खा रस्ता बसमध्ये बसून निघून गेला होता आणि त्यांना कोणी या म्हटलं नव्हतं.

बस ओलीचिंब, खच्चून भरलेली, बँड वाजवत हॉस्पिटलपाशी पोचली. मांडवातून महापौर धावत आले. "पहिल्याच फेरीला एवढे प्रवासी!" ते म्हणाले आणि डॉक्टर लोंदोन्योंना त्यांनी मिठी मारली. फीत कापली गेली. दॉन आर्हेमिरो सगळा वेळ चालकाच्या मागच्या सीटवर बसून होते आणि येसिदला दरवाजांच्या बटणांबद्दल काहीबाही विचारत होते.

गर्दी पांगल्यावर एव्हेलियो डॉक्टरांपाशी गेला. हे बोलायचं नसतं तर फार बरं झालं असतं, पण बोलायला हवंच होतं.

"डॉक्टर, बस भरलेली असली की खाली दबते. रिकामी असली की वर येते. मला कंपनीने जी उंची दिली ती भरलेल्या बसची होती, आणि मी विचारलं नाही. ती कार्मेन रस्त्यावरून फक्त भरलेली जाईल."

"मग बरंच आहे की," डॉक्टर म्हणाले. "आपल्याकडे बस कधी रिकामी असते?"

"पहाटेची पहिली असते."

डॉक्टरांनी ओल्या मांडवाकडे पाहिलं. पहाटे, सगळं शहर झोपलेलं, आणि डोन्या ओतिलिया खाली बस घेऊन बसलेल्या, हे चित्र त्यांच्याही डोळ्यांसमोर आलं असावं.

"दुसरा रस्ता आहे?"

"जुन्या रेल्वेच्या पट्टीवरून. मंडईच्या मागून. रुंद आहे, सरळ आहे, कोणाचा सज्जा नाही. मी आधीच सुचवणार होतो, पण कार्मेन रस्ता महापौरांच्या आवडीचा."

"आता महापौर कोणत्याही रस्त्यावर खूश आहेत," डॉक्टर म्हणाले. "काढा नवी रेघ. चाचणी कशासाठी असते? सिमेंट ओतण्याआधी कळलं, हेच तर आपलं यश. माझं भाषण तसंच लिहा." आणि त्यांनी एव्हेलियोच्या खांद्यावर थोपटलं. एव्हेलियोला रडू येईल असं वाटलं, पण ते दमल्यामुळे असावं.

नव्या रेघेने आणखी एक गोष्ट झाली. कार्मेन रस्ता मोकळा राहिला, आणि लांब बसपर्यंत माणसं आणून सोडायला तिथे छोट्या बसची गरज पडली. ला कोन्सेन्तीदाला नवा बंपर बसला.

त्या आठवड्यातच डोन्या ओतिलिया पुन्हा नियोजन खात्यात आल्या.

"माझ्या घरावरून बस जाणार नाही म्हणे."

"नाही, सेन्योरा. तुमचा सज्जा आता सुरक्षित आहे."

"सज्जा सुरक्षित, आणि मी? मंडईच्या मागे चालत जायचं का या वयात? सगळ्यांना फिरवून आणलंत, मला तेवढं ठेवलंत."

एव्हेलियो उठला. त्याने त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, कॉफी मागवली आणि कार्मेन रस्त्यावर छोट्या बसचा थांबा त्यांच्या दारात येईल असं सांगितलं. बाईंनी कॉफी संपवली. "सज्ज्याच्या खाली नको," त्या म्हणाल्या, "थोडा पुढे. माणसं वर बघत बसतात."

पुढच्या रविवारी सासरेबुवांकडे सांकोचो होता, आणि बेकरीवाला जेवायला आला होता. तो सांगत होता की बस साबणामुळे सुटली. वेळ लागला, पण साबण मुरला. औषधवाल्याच्या घरीही हेच सांगतात म्हणे. पाद्री आन्सेल्मोंचं याबाबतचं मत वेगळं होतं आणि ते त्यांनी प्रवचनातून मांडलं होतं.

"साबण कसला," दॉन आर्हेमिरो म्हणाले. "माझ्या दोराने सुटली. त्या ओढीने ती आतून सैल झाली, मग पाऊस यायचा अवकाश. बंपर उगाच गेला का माझा?" आणि ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे वळले. "सांग ना रे, एव्हेलियो. तू तर इंजिनियर आहेस. तुझ्यासमोर झालं."

नूबियाने चमचा खाली ठेवला. सासूबाई हवेबद्दल काही बोलणार होत्या, त्या थांबल्या.

एव्हेलियोने तोंडातला घास सावकाश गिळला.

"दोरानेच सुटली," तो म्हणाला. "मी मोजलंय."

सासऱ्यांनी बेकरीवाल्याकडे पाहिलं, मग डाव घेऊन जावयाच्या ताटलीत न विचारता रस्सा वाढला, काठोकाठ, मक्याच्या मोठ्या तुकड्यासकट. एव्हेलियोला आता पोटात जागा नव्हती. त्याने तो सगळा संपवला.